बांधावरचा पिंपळ

त्या दिवशी सकाळी माझे पती बांधावर जाऊन आले. चपला काढल्या, खुर्चीत बसले, मला पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. बाकी जे लिहायचं आहे ते बांधाबद्दल आहे, आणि ते लिहिताना मला अधूनमधून हसू येतं. वाचणाऱ्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

आमची सोसायटी हडपसरच्या पलीकडे, शहराने अलीकडेच पोटात घेतलेल्या एका गावाच्या कडेला आहे. बैठी घरं, प्रत्येकाच्या वाट्याला अंगणाचा एक तुकडा, आणि मागे तळं. तळं म्हणजे पूर्वीच्या जमीनमालकाने आपल्या बागेसाठी ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. त्याने जमीन बिल्डरला विकली. बिल्डरने ‘लेक व्ह्यू’ म्हणून घरं आम्हाला विकली आणि उरलेलं सगळं सामाईक जागेत टाकून तो निघून गेला. पाण्याचा पंप, क्लब हाऊसमधलं टेबल टेनिसचं टेबल आणि एक छोटं धरण, हे सगळं सोसायटीच्या नावावर झालं. टेबल टेनिसच्या टेबलाची देखभाल कोणी करायची यावर आमच्याकडे सर्वसाधारण सभा गाजल्या. धरणाचा विषय माझ्या पतींशिवाय कोणी काढला नाही, कारण ते धरण आहे हेच इतर कोणाला माहीत नव्हतं. सगळे त्याला वॉकिंग ट्रॅक म्हणत.

माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. अशा माणसाने तळ्याकाठी घर घेतलं म्हणजे त्याला पाण्याची ओढ असणार, असं लोकांना वाटायचं. त्यांना ओढ होती मातीची. घर बघायला गेलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने मोठ्या रुबाबात खिडकी उघडून तळं दाखवलं. हे म्हणाले, “सांडवा कुठे आहे?”

तो म्हणाला, “सर, मॉड्युलर किचन बघितलंत का?”

सांडवा म्हणजे बांधाच्या एका टोकाला मुद्दाम ठेवलेली सखल वाट. तळं भरलं की जास्तीच्या पाण्याने तिथून निघून जायचं. ते बांधाच्या माथ्यावरून गेलं तर माती सोबत घेऊन जातं आणि बांध संपतो. आमचा सांडवा सपाट होता, रुंद होता आणि वर्षातले बहुतेक दिवस कोरडा असायचा. त्यामुळे सोसायटीचा गणपती तिथे बसायचा. म्हणजे ऐन पावसाळ्यात, पाण्याच्या वाटेत, मंडप, स्टेज आणि खुर्च्यांच्या रांगा. हे पहिल्याच वर्षी अध्यक्षांना भेटायला गेले.

“गणपतीला पाण्यात सोडायचं असतं, मान्य आहे मला,” ते म्हणाले. “पण मंडपासकट नको.”

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना बांधाचं काही वाटलं नाही, पण भाड्याने आणलेल्या साउंड सिस्टिमचं वाटलं. गणपती क्लब हाऊसमध्ये हलला. माझ्या पतींना या सोसायटीत मिळालेला तो पहिला विजय, आणि ते गेले तोपर्यंत तरी शेवटचाच.

कारण दुसरा विषय झाडांचा होता.

झाडांची सुरुवात अध्यक्षांच्या आईपासून झाली. त्या वारल्या तेव्हा रक्षा नदीत सोडायची नाही, असं त्यांच्या घरात ठरलं. विचार चांगलाच होता. बांधाच्या उतारावर खड्डा घेतला, त्यात रक्षा घातली आणि वर बकुळ लावली. खाली ग्रॅनाइटची छोटी पाटी. सगळ्यांना ते फार आवडलं. मग कोणाचे वडील गेले, त्यांचा कडुनिंब लागला. समोरच्या काकूंच्या सासूबाई गेल्या, त्यांचा आंबा लागला. एका घरातला कुत्रा गेला, त्याचा करंज लागला, आणि तो या सगळ्यांत जास्त फोफावला. आमच्या सोसायटीतले लोक एकमेकांच्या घरी फारसे जात नाहीत, पण सकाळी बांधावर फिरताना एकमेकांच्या दिवंगतांची मात्र चौकशी करत. “आईंना यंदा बहर छान आलाय.” “हो ना, खत घातलं.”

हे प्रत्येक सर्वसाधारण सभेत उभे राहायचे आणि तेच सांगायचे. मातीच्या बांधावर झाड नको. जिवंत असतं तोवर त्याचं मूळ पाणी शोधत बांधाच्या पोटात शिरतं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी नळी उरते. मग पाणी त्या नळीला शोधत येतं. बांधावर गवत हवं, फक्त गवत.

“साहेब, तुमचा झाडांवर एवढा राग का?” अध्यक्ष विचारायचे.

“माझ्या अंगणात पेरू आहे, लिंबू आहे, शेवगा आहे. बांध सोडून कुठेही लावा. मी खड्डे खणायला येतो.”

“पण गवताला कोणाचं नाव देणार? ‘आईच्या स्मरणार्थ गवत’, बरं दिसतं का?”

सभा हसायची. हेसुद्धा हसायचे. घरी येऊन मला म्हणायचे, “आज पुन्हा बहुमताने हरलो.” मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. बोलण्यापेक्षा ऐकणं मला सोपं जातं. जेवताना त्यांचं मुळं, माती, पाझर चालायचं आणि मी एका डोळ्याने पुस्तक वाचत ऐकायची. ते सगळं माझ्या डोक्यात साठत होतं, याची मला कल्पना नव्हती.

आम्ही बौद्ध. ते गेल्यावर क्लब हाऊसमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. भन्तेजी आले, वंदना झाली, आणि शेवटी अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. ते म्हणाले, “साहेबांचा या बांधावर जीव होता. दर सभेत ते बांधाविषयी बोलत. म्हणून सोसायटीने एकमताने ठरवलंय, साहेबांची स्मृती बांधावरच जपायची. अगदी मधोमध. आणि त्यांच्या धम्माचा मान राखून आपण पिंपळ लावणार आहोत.”

टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे लोकांना कळेना. मग त्यांनी हळू आवाजात वाजवल्या.

माझ्या पतींच्या नोकरीतली कितीतरी वर्षं पिंपळ उपटण्यात गेली होती, हे तिथे फक्त मला माहीत होतं. कालव्याच्या भिंतीत, मोरीच्या दगडांत, पुलाच्या फटीत, जिथे बोटभर माती साचेल तिथे तो उगवायचा आणि दगड उचकटायचा. बोधिवृक्षावर त्यांची श्रद्धा होती. विहारात गेलं की त्याच्यासमोर ते कितीतरी वेळ उभे असत. “मैदानात असला तर हात जोडायचे,” ते म्हणत, “आणि बांधकामात असला तर कुदळ घ्यायची.”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली ते मला आठवत नाही. त्यांनी होकार समजला.

पिंपळ लागला. मुळाशी त्यांची रक्षा घातली. पाटीवर त्यांच्या नावाखाली ‘बांधाचे सच्चे मित्र’ असं कोरलं.

पहिले काही दिवस मी तिकडे फिरकलेच नाही. गेले तेव्हा जरा रागातच गेले. पण दुसऱ्या कुठल्या झाडाचं पान हलत नसलं तरी पिंपळाचं हलत असतं. फारसं न बोलणाऱ्या बाईला ते सोयीचं पडतं. आपण गप्प बसलो तरी समोरून काहीतरी चालू राहतं. मी रोज सकाळी जाऊ लागले. वाचलेलं सांगू लागले. मुलीचं सांगू लागले. आमची मुलगी हिंजवडीला नोकरी करते आणि तिथेच राहते. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला येणं म्हणजे तिच्या मते परदेशातून येण्यासारखं आहे, फक्त विमानात जेवण तरी देतात. ती आली की आधी पिंपळापाशी जायची. त्याला हात लावून म्हणायची, “बाबा, ट्रॅफिक होतं.”

पिंपळ भराभर वाढत होता. त्यात नवल काहीच नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी भांडी घासता घासता विचारलं, “बाई, तुमच्या त्या ट्रॅकला काय झालंय का?”

मावशींचं घर बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठच्या वस्तीत आहे. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, एक बालवाडी, एका खोलीचं विहार.

“का हो?”

“आमच्या मागच्या अंगाला ओल हाय. भर उन्हाळ्यात. समद्या माळावर पिवळं गवत आन् तिथंच हिरवंगार.”

मी बघायला गेले. बांधाच्या पायथ्याशी, बरोबर कुत्र्याच्या करंजाखाली, एक हिरवा पट्टा होता आणि त्याच्या मधून बोटाएवढी धार वाहत होती. सोसायटीला तिचा शोध आधीच लागला होता. धारेभोवती गोटे रचलेले होते. कोणीतरी पणती ठेवली होती. तिथे उकिडवे बसून अध्यक्ष फोटो काढत होते.

“जिवंत झरा आहे, वहिनी,” ते म्हणाले. “अख्ख्या पुण्यात कोणाच्या सोसायटीत झरा आहे, सांगा!”

जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य माझ्या डोक्यात जसंच्या तसं उभं राहिलं. पाझर नाही असा मातीचा बांध नसतो. पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, एवढंच बघायचं. स्वच्छ असेल तर नुसतं पाणी येतंय. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधही येतोय.

दुसऱ्या दिवसापासून मी काचेचा ग्लास घेऊन जाऊ लागले. धारेखाली ग्लास धरायचा, उजेडाकडे उंच करायचा आणि नीट बघायचं. उजेड पूर्वेकडून येतो, म्हणून मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहायची. चष्मा नीट बसत नाही, म्हणून डोळे बारीक करायची. पुटपुटायची सवय मला ग्रंथालयापासून आहे. हे सगळं लांबून कसं दिसत असेल याचा विचार मी केला नव्हता.

समोरच्या काकू एकदा हळूच मागे येऊन उभ्या राहिल्या. माझं बघून होईपर्यंत थांबल्या.

“वहिनी, तुमच्यात पण असतं का हे?”

“काय?”

“अर्घ्य. गेलेल्या माणसासाठी.”

“नाही हो. पाण्यात माती आहे का बघतेय.”

“बरं बरं,” काकू म्हणाल्या. “नसेल सांगायचं तर नका सांगू. असलं सांगू नयेच.”

दुसऱ्या दिवशी त्या तांब्या घेऊन आल्या. मग बकुळीच्या घरातल्या सूनबाई आल्या. करंजवाले आले ते मोठी बाटली घेऊन. मी ग्लास उजेडाकडे धरला की सगळे आपापली भांडी उजेडाकडे धरायचे. मी ओतलं की ओतायचे. मी काही न बोलता घराकडे वळले की तेही काही न बोलता वळायचे. काकूंनी मला एकदा सांगितलं, की यात त्यांना फार शांत वाटतं. मी त्यांना पुन्हा समजावून बघितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “होतं असं पहिल्या एकदोन वर्षांत.”

एका सकाळी ग्लासातलं पाणी जरा मळकट दिसलं. मी ग्लास घरी आणून ओट्यावर ठेवला. काही वेळाने तळाशी गाळ बसला, चहाच्या कपात उरतो तेवढा. मी ते पाणी ओतून दिलं नाही. आमच्या यांच्या हाताखाली काम केलेला एक इंजिनिअर आता स्वतःचा व्यवसाय करतो. त्याला फोन केला.

तो दुसऱ्याच दिवशी आला. “जय भीम, मॅडम,” म्हणाला, ग्लास बघितला आणि चहा न घेता बांधाकडे निघाला. पायथ्याशी बराच वेळ बसला. मग उतारावरून एकेक झाड बघत वर चढला आणि माथ्यावर पिंपळापाशी थांबला. त्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली.

“सरांचं?”

“हो.”

“सरांनी स्वतः सांगितलं होतं?”

“नाही. सोसायटीने लावलं. आदराने.”

तो वळून तळ्याकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. मी जवळ गेले तर तो हसू दाबत होता. “सॉरी मॅडम,” तो म्हणाला, “पण सर आज इथे असते तर...” पुढे त्याला बोलता येईना. मलाही हसू फुटलं. ते गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथे, त्यांच्याच पाटीसमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. समोरून फिरायला आलेल्या एका जोडप्याने आम्हाला बघितलं आणि ते आल्या वाटेने परत गेले.

मग त्याने मला नीट सांगितलं. पावसाळ्याच्या आत पाणी खाली उतरवायचं. सगळी झाडं काढायची, नुसती कापून चालणार नाही, मुळं उकरायची आणि खड्डे योग्य मातीने थर देत, ठोकत भरायचे. पायथ्याशी वाळू-खडीचा गाळणथर घालायचा, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. करंज सगळ्यात धोक्याच्या जागी होता.

“आणि पिंपळ?” मी विचारलं.

“आत्ता निघेल, मॅडम. आणखी काही वर्षांनी निघणार नाही.”

मी त्या रात्री मुलीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “आई, म्हणजे बाबांना उपटायचं?”

“झाड उपटायचं.”

“त्यात बाबा आहेत. आपण आपल्या हाताने घातलंय.”

“मला माहीत आहे कुठे घातलंय.”

“एक झाड राहिलं तर काय होणार आहे? बाकीची काढा ना!”

माझ्याही मनात तेच होतं. बाकीची काढा. बांध केवढा, त्यावर एक झाड केवढं. रोज सकाळी मी जाऊन उभी राहते ती एक जागा मला हवी होती. मी मागत होते ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. इंजिनिअर येऊन गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, “बाई, मग आम्ही पावसात तिथंच झोपायचं का दुसरीकडं खोली बघायची? पोरांची शाळा हाय म्हणून इचारते.”

सभा बोलवा, असं मी अध्यक्षांना त्याच दुपारी सांगितलं.

सभेला क्लब हाऊस भरलं होतं. सेक्रेटरी आयटीतली, तरुण, चटपटीत मुलगी. इंजिनिअरचं बोलणं ऐकून तिने विचारलं, “सो बेसिकली, आपला वॉकिंग ट्रॅक हा डॅम आहे?”

“हो.”

“पण ब्रोशरमध्ये तर ट्रॅक लिहिलंय.”

“मॅडम, पाण्याने ब्रोशर वाचलेलं नाही.”

अध्यक्ष पुढे झाले. “आधी हे सांगा, हा बांध कायद्याने कोणाचा?”

“तुमचा.”

“आणि समजा, फुटला तर?”

“तरी तुमचाच.”

मग करंजवाले उठले. त्यांचा प्रश्न असा, की झऱ्याचं पाणी ते रोज पितात आणि त्यांची सांधेदुखी थांबली आहे. इंजिनिअरने त्यांना, पिऊ नका, असं सांगितलं. ते म्हणाले, मग सांधेदुखीची जबाबदारी कोण घेणार?

झाडांवर आल्यावर आवाज चढले. कडुनिंबवाले म्हणाले, वडिलांना हात लावू देणार नाही. बकुळीच्या सूनबाईंनी सुचवलं की झाडं काढायचीच तर ज्येष्ठतेप्रमाणे काढावीत, म्हणजे मानापमान होणार नाही. यावर ज्येष्ठता वयाची धरायची, निधनाची धरायची की लावण्याची, असा उपप्रश्न निघाला. वयाची धरली तर कुत्र्याचं वय माणसाच्या हिशेबात कसं मोजायचं, असाही निघाला. काकूंना कोणीतरी विचारलं, तुमचं काय म्हणणं?

“सासूबाई घरातली खुर्चीसुद्धा हलवू द्यायच्या नाहीत,” काकू म्हणाल्या. “त्यांचा आंबा हलवून दाखवा. मी बघायला येईन.”

शेवटी अध्यक्ष उभे राहिले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. “सोसायटीच्या सुरक्षेसाठी मी माझ्या आईची बकुळ काढायला तयार आहे,” ते म्हणाले, आणि ते त्यांना सोपं गेलं नसावं. “मात्र साहेबांचा पिंपळ राहील. माळी त्याला हात लावायला तयार नाही आणि मीही लावू देणार नाही. पिंपळ कोणी तोडत नाही. शिवाय साहेब या बांधाचे...” पुढे त्यांना पाटीवरचे शब्द आठवले आणि ते तेच बोलले.

टाळ्या वाजल्या. लगेच कडुनिंबवाले उठले. “साहेबांचा राहतो, मग आमच्या वडिलांचा का नाही?”

“साहेबांचा राहतो तर कोणाचाच काढू नका,” मागून कोणीतरी म्हणालं. आणि माझ्या लक्षात आलं, की सभा संपल्यात जमा आहे. सगळे उठतील, चहा घेतील आणि बांध आहे तसा राहील. मला हवी होती ती एक जागा मला मिळालीच होती. फक्त बसून राहायचं होतं.

मी उठले. त्या हॉलमध्ये मी कधीच बोलले नव्हते. सेक्रेटरीने माइक दिला, तो कसा धरायचा ते मला कळेना, म्हणून मी तो खाली ठेवला.

“माझे पती दर वर्षी इथे उभे राहून एकच वाक्य सांगायचे,” मी म्हणाले. “बांधावर झाड नको. त्यात ‘माझं सोडून’ असं ते कधी म्हणाले नव्हते. आधी त्यांचं काढा.”

मी बसले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि घातला, आणि पुन्हा काढला.

काकू म्हणाल्या, “हलवा मग आमचाही.”

परवानग्यांचं सेक्रेटरीने पाहिलं. तळ्याचं पाणी उतरवलं गेलं. पण पिंपळाला हात लावायला खरोखरच कोणी तयार होईना. माळी त्या आठवड्यात गावी गेला. जेसीबीचा ड्रायव्हर म्हणाला, करंज सांगा, आंबा सांगा, याला नाही. शेवटी रविवारी मुलगी आली. पाठीला लॅपटॉपची बॅग, पायात ऑफिसचे बूट. बांधावर चढून तिने बॅग ठेवली, माळ्याची कुदळ उचलली आणि पिंपळाला म्हणाली, “बाबा, ट्रॅफिक नव्हतं आज.” मग रडत रडत खणायला लागली. तिला खणता येत नव्हतं. मी पहार धरली. मलाही येत नव्हतं. इंजिनिअर ‘मूळ तोडू नका, कडेने घ्या’ असं सांगत होता. थोड्या वेळाने अध्यक्ष आले, बूट काढून बाजूला ठेवले, पिंपळाला नमस्कार करून “साहेब, चुकलं आमचं” म्हणाले आणि खड्ड्यात उतरले. त्यांना तर अजिबातच येत नव्हतं.

झाड निघालं. खड्ड्याच्या कडेला काळी, भुसभुशीत माती निघाली होती. इंजिनिअर ती मुठीत घेऊन बघत होता आणि घुटमळत होता.

“काय?” मी विचारलं.

“मॅडम, सर... म्हणजे ही माती परत भरावात नाही चालणार.”

“त्यांनाही चालली नसती,” मी म्हणाले.

मुलगी खड्ड्याच्या काठावर बसून हसायला लागली. आम्ही ती सगळी माती पोत्यांत भरली.

आता पिंपळ लावायचा कुठे, हा प्रश्न होता. गेटपाशी नको, तिथे पाण्याची टाकी आहे. क्लब हाऊसजवळ नको, पाया उचकटेल. कोणाच्याच कुंपणाजवळ नको. सभेत ज्याला कोणी हात लावू देत नव्हतं, त्याला दारात घ्यायला कोणी तयार नव्हतं. मावशी म्हणाल्या, “आमच्या विहारापुढं मोकळी जागा हाय की.” विहाराच्या समितीने आनंदाने होकार दिला. एका वृद्ध उपासकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, भिंतीपासून जरा लांब लावू. श्रद्धा आहेच, पण हे झाड भिंत फोडतं.”

“ठाऊक आहे,” मी म्हणाले.

पोत्यांतली माती सगळी तिथे घातली. बाकीची झाडं पावसाच्या आत निघाली. काकूंच्या आंब्याला दिवसभर लागला. जेसीबीचा एक होज पाइप फुटला तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. पायथ्याला गाळणथर झाला. त्या पावसाळ्यात तळं भरलं, पाणी सांडव्यावरून गेलं, आणि सोसायटीतले सगळे छत्र्या घेऊन ते बघायला उभे होते. गणपती कुठे बसायचा ते अध्यक्ष सगळ्यांना बोट दाखवून सांगत होते. मावशींनी खोली बदलली नाही.

हलवल्यावर पिंपळाची सगळी पानं गळली होती. आता काही फांद्यांना पालवी आहे, काही वाळल्या. मी कधीतरी विहारात जाते तेव्हा बघून येते. रोज जात नाही, परतताना चढ चढवत नाही. बांधावर गवत आहे. वस्तीत माणसं राहतात. घरात मी एकटी राहते.